मलप्रभेच्या बारा स्लाइड: मुलांचं प्रेझेंटेशन, मोफत साधनं आणि हक्काचे फोटो

तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या नववीच्या गटाने मलप्रभा नदीवर प्रेझेंटेशन केलं, तेव्हाची गोष्ट. उगमाची स्लाइड पडद्यावर आली आणि परीक्षकांनी विचारलं, "हा फोटो कुणी काढला?" मुलगी चटकन म्हणाली, "गुगलवरनं घेतलाय की सर." ते म्हणाले, "गुगल फोटो काढत नाही गं. काढणारा कोण?" ती माझ्याकडे बघायला लागली. मलाही माहीत नव्हतं. फोटोच्या कोपऱ्यात कुठल्याशा संकेतस्थळाचं पुसट नाव होतं, आणि नीट पाहिलं तर तो झरा कणकुंबीचा, म्हणजे मलप्रभा जिथे उगवते त्या गावचा, नव्हताच. गटातल्या एका मुलाचं आजोळ कणकुंबीत. दर मे महिन्यात तो तिथेच असतो. त्याला आम्ही कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मी शिकवायचा क्रम बदलला. आपल्या बेळगाव भागातल्या मराठी शाळांतल्या मुलांना आणि शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून तो इथे सविस्तर लिहिते. उदाहरण मलप्रभेचंच ठेवते, म्हणजे प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर राहील.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

मुलं पहिल्या दिवशी लॅबमध्ये बसली की तासभर रंग आणि टेम्प्लेट निवडण्यात जातो. म्हणून पहिले दोन दिवस कॉम्प्युटर बंद. 'मलप्रभा नदीची माहिती' हा विषय होत नाही, कारण त्यात शोधायचं काही उरत नाही. विषयाला प्रश्न हवा. आमच्या मुलांनी बऱ्याच वादानंतर हा ठरवला: कणकुंबीच्या जंगलात उगवणारी मलप्रभा सौंदत्तीच्या काळ्या रानात पोचेपर्यंत काठावरचं पीक भातावरून जोंधळ्यावर कसं येतं?

हा प्रश्न हातात आल्यावर काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते आपोआप कळायला लागलं. नदी कणकुंबीला उगवते, खानापूरवरून, एम. के. हुबळीवरून पुढे जाते, सौंदत्ती तालुक्यात नविलतीर्थाला तिच्यावर धरण आहे, पुढे पट्टदकल आणि ऐहोळेची देवळं तिच्याच काठी, आणि कूडलसंगमला ती कृष्णेला मिळते. एकूण लांबी सुमारे ३०४ किलोमीटर. यातलं पट्टदकल मुलांना फार आवडतं, तिथली देवळं १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण आमच्या प्रश्नाला त्याचा उपयोग एका ओळीपुरता होता, म्हणून एकच ओळ ठेवली.

मग एका मोठ्या कागदावर बारा चौकोन आखायचे. बोलायला आठ मिनिटं असतील तर बारा स्लाइड पुरतात, जास्त झाल्या की मुलं धावतात. प्रत्येक चौकोनात एकच पूर्ण वाक्य लिहायचं, क्रियापदासकट. 'पर्जन्यमान' असं लिहिलं की मुलाला काय सांगायचंय ते त्यालाच कळलेलं नसतं. 'कणकुंबीला पडतो त्याच्या तुलनेत सौंदत्तीला पाऊस फारच थोडा पडतो' असं लिहिलं की त्या स्लाइडला कोणता फोटो आणि कोणता आकडा लागेल ते ठरतं. वाक्याखाली पेन्सिलीने लिहायचं: इथे फोटो, इथे नकाशा, इथे नुसतं बोलणं. बारापैकी दोन-तीन स्लाइडवर काहीच चित्र नसलं तरी चालतं.

फोटो: पहिला शोध गावात

फोटो शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी स्वतः काढलेला, मग विकिमीडिया कॉमन्स, आणि अगदीच अडलं तर बाकीची संकेतस्थळं.

स्वतः काढायचा असेल तर मोबाइल आडवा धरायचा, कारण पडदा आडवा असतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर काढायचा. भर दुपारी पाण्यावर नुसती चमक येते. शेतात काम करणाऱ्या माणसाचा फोटो हवा असेल तर आधी जवळ जाऊन विचारायचं: "काका, शाळेच्या प्रकल्पासाठी फोटो काढू काय? चार लोकांना दाखवणार हाय." बहुतेक वेळा काका फोटो तर देतातच, वर लावणी कधी केली, पाणी कुठून येतं तेही सांगतात, आणि तीच माहिती कुठल्या पुस्तकात नसते. लहान मुलांचे चेहरे शक्यतो टाळायचे. घरी आल्यावर लगेच वहीत लिहायचं: कुणी काढला, कुठे, कोणत्या तारखेला.

जे स्वतः काढता येत नाही, म्हणजे नविलतीर्थाचं धरण किंवा कूडलसंगम, त्यासाठी विकिमीडिया कॉमन्स. २००४ साली सुरू झालेला हा मुक्त फोटो, नकाशे आणि आवाजांचा साठा आहे. विकिपीडियावर दिसणारी बहुतेक चित्रं इथूनच येतात आणि आज तिथे दहा कोटींहून जास्त फाइली आहेत. शोधताना आपल्या भागाची एक अडचण लक्षात ठेवावी लागते. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत इंग्रजी नाव 'बेळगावी' झालं, पण त्याआधी चढवलेले कितीतरी फोटो 'बेलगाम' या जुन्या स्पेलिंगखालीच आहेत. सौंदत्ती 'सवदत्ती' म्हणूनही सापडते, निपाणीत 'प' एकदा की दोनदा यावर निकाल बदलतो, हलशीचंही तेच. म्हणून प्रत्येक गावाची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगं आधी कागदावर लिहून घ्यायची आणि सगळी टाकून बघायची. एक चांगला फोटो सापडला की त्याच्या पानावर खाली वर्ग (कॅटेगरी) दिलेले असतात, त्यावर क्लिक केलं की त्याच जागेचे आणखी फोटो मिळतात. शोधपेटीपेक्षा मला या वर्गांतूनच जास्त मिळालं आहे.

फोटो उतरवताना मूळ आकाराची फाइल घेऊ नये. ती दहा-पंधरा एमबीची असू शकते, आणि तशा बारा घातल्या की शाळेचा लॅपटॉप अडकतो. १२८० पिक्सेल रुंदीच्या आसपासची फाइल पडद्याला भरपूर होते. 'डाउनलोड' दाबलं की तिथेच श्रेयाची ओळ तयार मिळते. ती त्याच क्षणी कॉपी करून ठेवायची. नंतर करू म्हटलं की राहतंच.

परवाना वाचायचा कसा

ही पायरी मुलांना कंटाळवाणी वाटते, पण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून मी इथे पूर्ण एक तास देते.

इंटरनेटवर दिसणारा फोटो कुणाचा तरी असतो. काढणाऱ्याने काही लिहिलं नसलं तरी हक्क त्याचाच. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने शिकण्या-शिकवण्याच्या ओघात केलेल्या वापराला सूट आहे, त्यामुळे वर्गातल्या वर्गात फारसा प्रश्न येत नाही. पण आजकाल प्रेझेंटेशन वर्गात राहतं कुठे? पालकांच्या गटावर जातं, शाळेच्या यूट्यूबवर चढतं, वार्षिक अंकात छापलं जातं. तिथे त्या सुटीवर विसंबून राहता येत नाही. म्हणून सुरुवातीपासूनच मुक्त परवान्याचा फोटो घ्यावा.

क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ मध्ये असे तयार परवाने आणले. काढणारा आधीच सांगून ठेवतो की अमुक अटींवर खुशाल वापरा. त्यांची अक्षरं ओळखता आली की झालं. 'सीसी झीरो' म्हणजे कोणतीही अट नाही. 'बाय' म्हणजे माझं नाव लिहा. 'एसए' म्हणजे यात बदल करून नवीन काही केलंत तर तेही याच परवान्याने इतरांना द्या. 'एनसी' म्हणजे पैसे कमावण्यासाठी नको. 'एनडी' म्हणजे बदल करून वाटू नका, त्यामुळे असा फोटो कापून किंवा त्यावर बाण काढून लावायचा असेल तर तो सोडून दुसरा शोधायचा. कॉमन्सवर शेवटचे दोन स्वीकारलेच जात नाहीत, त्यामुळे तिथून घेतलेल्या फोटोत तो घोळ होत नाही. मुलांसाठी कॉमन्स बरं वाटण्याचं माझं मुख्य कारण हेच.

जुन्या फोटोंबद्दल नेहमी विचारतात. भारतात छायाचित्राचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्या वेळी इथल्या कुणी काढून तेव्हाच छापलेला फोटो आज सगळ्यांचा आहे. मात्र कुणीतरी त्याला रंग भरून, वर आपलं नाव टाकून जे फिरवतं त्यापासून दूर राहावं.

चौकातल्या पुतळ्याचा किंवा इमारतीचा फोटो काढायला आपल्याकडे कायद्याची आडकाठी नाही. कित्तूरच्या किल्ल्याचा, बेळगावच्या किल्ल्यातल्या कमलबस्तीचा फोटो तुम्ही काढलात तर तो तुमचा. आत काढायला परवानगी आहे का एवढं मात्र दारावर विचारायचं.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स, पिक्साबे या संकेतस्थळांवरचे फोटो मोफत असतात, श्रेय द्यायचीही सक्ती नसते. पण तिथे भातलावणी शोधली की दुसऱ्याच देशाची शेतं समोर येतात आणि खानापुरातलं शेत म्हणून ती लावणं खोटं होतं. ढग, पावसाचा थेंब, बियाणं असं कुठलंही चालेल तिथे ही संकेतस्थळं वापरावीत. एआयने बनवलेल्या चित्रालाही हाच नियम. खऱ्या जागेचा फोटो म्हणून ते कधीच लावायचं नाही.

श्रेयाची वही

आमच्या प्रत्येक गटाकडे एक शंभर पानी वही असते. फोटो फोल्डरमध्ये गेला की वहीत ओळ गेलीच पाहिजे, आणि दोन्हीकडे एकच क्रमांक. एक नोंद अशी:

'०७. नविलतीर्थ धरण, सौंदत्ती तालुका. छायाचित्र: कॉमन्सवर दिलेलं वापरकर्त्याचं नाव जसंच्या तसं. विकिमीडिया कॉमन्स. सीसी बाय-एसए ४.०. डावी बाजू कापली.'

फाइलचं नावही '०७-नविलतीर्थ' असंच. काय चित्र, कुणाचं, कुठून, कोणत्या परवान्याने, आणि आपण काय बदललं, एवढं त्यात आलं की पुरे. स्लाइडवर फोटोच्या खाली लहान अक्षरात नाव आणि परवाना, आणि शेवटच्या स्लाइडवर सगळी यादी. 'सौजन्य: गुगल' किंवा 'सौजन्य: इंटरनेट' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. विकिपीडियावरून मजकूर उचलला असेल तर त्यालाही बाय-एसए परवाना आहे, त्याची ओळही वहीत हवी.

नकाशाला आपल्याकडे वेगळी काळजी घ्यावी लागते, कारण सीमाभागात नकाशाकडे प्रत्येकाचं लक्ष जातं. भारताचा नकाशा कुठूनही उचलू नये. परदेशी संकेतस्थळांवर उत्तरेकडची सीमा तुटक रेषांनी दाखवलेली असते आणि तसा नकाशा लावणं आपल्या कायद्यात बसत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून अधिकृत नकाशा मोफत घेता येतो. नदीचा मार्ग दाखवायला ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा चांगला. तिथे 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदानकर्ते' असं श्रेय लिहिलं की वापरता येतो. आमच्या गटाने मात्र तो नुसता समोर ठेवून नदी हाताने काढली, सात गावं ठिपक्यांनी दाखवली आणि त्या कागदाचा फोटो स्लाइडवर लावला. मागच्या बाकावरूनही तोच सगळ्यात स्पष्ट दिसला.

कोणतं साधन कधी

गुगल स्लाइड्स गटासाठी उत्तम. चौघं चार मोबाइलवरून एकाच फाइलवर काम करतात, आणि कुणी चुकून काही पुसलं तर जुनी आवृत्ती परत आणता येते. कॅन्व्हा देखणं आहे, पण मुकुटाची खूण असलेलं चित्र पैशाचं असतं, ते मोफत खात्यातून घेतलं तर त्यावर कॅन्व्हाची पुसट छाप येते. शिक्षकांसाठी त्यांचं शालेय खातं मोफत मिळतं, त्यासाठी शाळेत शिकवत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या लॅबमध्ये इंटरनेट नाही तिथे लिबरऑफिस इम्प्रेस. ते पूर्ण मोफत आहे, एकदा बसवलं की नेटशिवाय चालतं आणि जुन्या मशीनवरही ओढतं. आमच्याकडे मुलं मोबाइलवर गुगल स्लाइड्समध्ये जुळवणी करतात आणि शेवटचा हात लॅबमध्ये इम्प्रेसवर फिरवतात.

१३ वर्षांखालच्या मुलांना यातलं खातं स्वतःचं स्वतः उघडता येत नाही. सहावी-सातवीच्या मुलांनी चुकीची जन्मतारीख टाकण्यापेक्षा शिक्षकांच्या खात्यावर, शिक्षकांसमोर काम करावं.

मराठी अक्षरं मोडू नयेत म्हणून

डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणलेला मजकूर बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत असतो. तो स्लाइडवर चिकटवला की इंग्रजी चिन्हांचा चिखल दिसतो. टाइप करणाऱ्याला आधीच सांगायचं, "युनिकोडमध्ये द्या," म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीत. मोबाइलवर जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डमध्ये मराठी घेतलं तर बोलूनही टाइप होतं, फक्त गावांची नावं तो चुकवतो. 'नविलतीर्थ'चं त्याने काय काय केलं ते दर वर्षी दुरुस्त करावं लागतं.

फॉन्ट मुक्ता, बलू किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्यावा, तिन्ही मोफत आहेत. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हवा असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' बघा. कितीतरी फॉन्टमध्ये ही दोन अक्षरं हिंदी वळणाची येतात आणि आपल्या डोळ्यांना खटकतात. अक्षराचा आकार २८ च्या खाली नको. दोन ओळींत अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायचं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अधोरेखन नकोच, उकार त्यात बुडतात.

आपल्याकडे परीक्षक बऱ्याचदा कन्नड बोलणारे असतात. म्हणून प्रत्येक स्लाइडचं शीर्षक मराठीत आणि खाली लहान अक्षरात कन्नडमध्ये द्यायची सवय आम्ही लावली. बलू आणि नोटो या दोन्ही घराण्यांत कन्नड फॉन्टही आहेत, त्यामुळे दोन लिप्या शेजारी शेजारी शोभतात. कन्नड ओळ मशीनकडून भाषांतर करून सरळ चिकटवू नये, कन्नडच्या बाईंना दाखवावी. आम्ही दाखवली तेव्हा त्यांनी शीर्षकं तर तपासलीच, वर सौंदत्तीकडच्या आपल्या माहेरची जोंधळ्याची पेरणी कशी असते तेही मुलांना सांगितलं. आठव्या स्लाइडवर आम्ही तेच घेतलं.

एक स्लाइड, आधी आणि नंतर

पहिल्या खेपेला उगमाच्या स्लाइडवर एका परिच्छेदात सगळं होतं: तालुका, उंची, लांबी, उपनद्या, देऊळ. मुलगी पडद्याकडे तोंड करून ते वाचत होती. दुसऱ्या खेपेला पूर्ण पडदाभर एकच फोटो, माउली देवीच्या देवळाजवळचा, आणि खाली एक ओळ: 'इथून निघालेलं पाणी ३०४ किलोमीटर जातं.' बाकीचं तिच्या तोंडी. तिने सांगितलं, "बेळगावहून पुण्याला जायला जेवढं अंतर पडतं, त्याच्यापेक्षा थोडंच कमी." पुढच्या बाकावरच्या पालकांनी मान हलवली. आकडा असा ओळखीच्या रस्त्यावर ठेवला की लक्षात राहतो.

स्लाइडवर जे लिहिलंय ते बोलायचं नाही आणि बोलायचंय ते लिहायचं नाही, एवढाच नियम मी देते. सरकत येणारी अक्षरं आणि गिरक्या घेणारी चित्रं पूर्ण बंद.

आवाज लागत असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत आणि फ्रीसाउंडवर मिळतो, परवाना तिथेही बघायचा. आमच्या एका मुलीने मात्र आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या, आजीला विचारून. भाताच्या स्लाइडवर त्यातली वीस सेकंदं वाजली तेव्हा हॉल शांत झाला होता.

नेणं आणि दाखवणं

दुसऱ्या मशीनवर तुमचा फॉन्ट नसतो आणि मग 'प्र'चा 'प् र' होतो. म्हणून मूळ फाइलसोबत पीडीएफ न्यायची, त्यात अक्षरं जशीच्या तशी राहतात. दोन पेनड्राइव्ह, दोन मुलांच्या दप्तरात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, नाहीतर ते दाबले जाऊन धुरकट होतात. आवाज वेगळ्या फाइलमध्येही ठेवावा, पीडीएफमध्ये तो वाजत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातून एका पानावर चार याप्रमाणे स्लाइड छापून घ्याव्यात. लाईट गेली तर परीक्षकांच्या हातात ती पानं द्यायची आणि बोलायला लागायचं. सरावाची शेवटची फेरी मी मुद्दाम प्रोजेक्टर बंद ठेवून घेते, घड्याळ लावून.

आणि मग फोटो परत द्यायचा

कॉमन्सवर आपल्या खेड्यांचे फोटो फार थोडे आहेत. जांबोटीचा बाजार, नंदगडचं तळं, पावसातली कणकुंबी शोधून बघा. ज्याने फोटो काढला त्यानेच खातं उघडून तो चढवायचा, दुसऱ्याच्या वतीने नाही. खात्याला खरं नाव द्यावं लागत नाही, ईमेलही ऐच्छिक आहे. तरी मूल लहान असेल तर घरच्यांना विचारूनच. घराचा किंवा चेहऱ्यांचा फोटो नको, जागेचा असावा. परवाना सीसी बाय-एसए ४.० निवडावा आणि एकदा दिला की तो परत घेता येत नाही हे मुलाला आधी सांगावं.

ज्याचं आजोळ कणकुंबी, त्याने गेल्या पावसाळ्यात कुंडाचे अकरा फोटो काढून आणले. त्यातले तीन चांगले निघाले. वर्णनाच्या रकान्यात एकापेक्षा जास्त भाषांत लिहिता येतं, म्हणून त्याने मराठीत लिहिलं, कन्नड ओळ बाईंकडून तपासून घेतली आणि इंग्रजीत गावाचं नाव दोन्ही स्पेलिंगांनी टाकलं. वहीत आता पहिली ओळ त्याच्या हातची आहे: '०१. मलप्रभेचा उगम, कणकुंबी. छायाचित्र: स्वतः.'